देणाऱ्याचं नाव

दौलतआबांना चहा दिला की ते आधी चहा प्यायचे आणि मग कप उलटा करायचे. उरलेले दोन थेंब टेबलावर पडायचे, कधी मुख्याध्यापकांच्या कागदांवर पडायचे, पण आबांना त्याचं काही नसे. कप हातभर लांब धरून, डोळे बारीक करून ते बुडाखालचा कारखान्याचा छाप वाचत आणि ज्यानं चहा दिला त्याला गंभीरपणे सांगत, "खुर्जाचा हाय." मग कप सरळ करून जागेवर ठेवत. नुसत्या कपाचंच असं नव्हतं. खडूची पेटी, टेबलफॅन, नव्या सरांची बॅग, पाण्याची मोटर, जे हाताला लागेल ते आबा उलटं करून बघत. एकदा तालुक्याहून तपासणीला आलेल्या साहेबांची टोपी त्यांनी अशीच उलटी करून पाहिली होती, साहेब ती खुर्चीवर ठेवून हात धुवायला गेले असताना.

मी नव्वद सालच्या जूनमध्ये इतिहासाची शिक्षिका म्हणून त्या शाळेत रुजू झाले, तेव्हा दौलतआबा तिथे प्रयोगशाळेचे शिपाई होते. वय छप्पन्न-सत्तावन्न, खाकी सदरा, पांढरी विजार, मिशा कातरलेल्या. तरुणपणी सैन्यात होते, भांडारात. तिथून आल्यावर शाळेत चिकटले. टोल देण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. आमचा टोल म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. अर्थात त्याच्यावरचा कारखान्याचा छापही आबांनी केव्हाच वाचून ठेवला होता.

कप उलटा करण्यामागे काय असावं याचा मी मनाशी एक अंदाज बांधला होता. आबा गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतले. त्यांच्या लहानपणी हॉटेलात त्यांच्या लोकांसाठी वेगळा कप ठेवत, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या कपाच्या बुडाला काही खूण असेल, तीच सवय अजून राहिली असेल, असं मला वाटे. एके दिवशी धीर करून मी विचारलं. आबा असे हसले की त्यांना ठसका लागला.

"न्हाई हो बाई," ते म्हणाले, "त्यो कप वळखायला उलटा कशाला करायला लागतोय? त्यो तर हाटेलाच्या भाईर खिळ्याला टांगलेला असायचा. लांबूनच कळायचं."

मी लाजेनं खाली पाहिलं. पण आबांनी विषय तिथेच सोडला आणि माझ्या पेनचं टोपण उघडून आतून बघायला लागले.

आमची शाळा भीमेच्या काठी, शिरूर तालुक्यात. मी राहायची केडगावला, म्हणजे नदीपलीकडे, दौंड तालुक्यात. रोज सकाळी जीपनं नदीकाठच्या गावापर्यंत यायचं आणि बंधाऱ्यावरून चालत शाळेत जायचं. दगडी खांब, खांबांच्या मधल्या गाळ्यांत लोखंडी ढापे बसवून अडवलेलं पाणी, आणि वरून बैलगाडी जाईल एवढी वाट, असा तो बंधारा. पलीकडच्या गावात हायस्कूल नव्हतं, म्हणून तिथली मुलंही याच वाटेनं आमच्याकडे यायची. पन्नास-साठ मुलं दप्तरं घेऊन ओळीनं बंधाऱ्यावरून येताना दिसली की आबा पहिला टोल द्यायचे. ती पोचायच्या आत दुसरा टोल त्यांनी कधी दिला नाही, घड्याळ काहीही म्हणो. दोन्ही गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडे माझे विद्यार्थी आहेत, आणि आता त्यांचीही मुलं.

पुढच्या जानेवारीत आखातात युद्ध पेटलं. गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात चपला ठेवायला जागा उरली नाही. मी दहावीला शीतयुद्ध शिकवत होते. 'महासत्तांच्या स्पर्धेमुळे प्रादेशिक युद्धे भडकतात, सकारण स्पष्ट करा,' हा परीक्षेतला हमखास प्रश्न. मी फळ्यावर कारणं लिहिली : शस्त्रपुरवठा, पैसा, विचारसरणीचा प्रसार, प्रतिष्ठा. एकेक खाली एकेक. आबा सूचनावही घेऊन दारात उभे होते. सही झाली तरी हलेनात.

"काय आबा?"

"एक इचारू का? तुमच्या फळ्यावर सगळं मोठ्यांचंच हाय. बंदुका त्यांच्या, पैसा त्यांचा. मंग धाकट्यांचं भांडान खोटं व्हतं का?"

वर्ग हसला. मी म्हटलं, तसं नाही, पण मूळ कारण महासत्तांचं राजकारण. आबांनी मान हलवली आणि वही घेऊन गेले. ती मान होकाराची नव्हती एवढं मला समजलं. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले. खरं सांगायचं तर बी.एड. होऊन सहा महिने झालेल्या माणसाला शिपायानं भर वर्गात अडवलेलं खुपत होतं.

आबांनी आम्लाच्या बाटल्यांमागून एक पत्र्याचा मग काढला. दुधाच्या डब्याचा वाटत होता, तारेचा कान लावलेला. तो त्यांनी उलटा करून माझ्यापुढे धरला. बुडाखाली खिळ्यानं टिंबं ठोकून काढलेली कसलीशी अक्षरं होती, चौकोनी, गोल, आडव्याउभ्या रेघांची.

"हे कुणाचं, सांगा."

"चिनी दिसतंय," मी ठणकावून सांगितलं.

"न्हावऱ्याच्या डॉक्टरनं जपानी सांगितलं. एक मास्तर म्हनलं, रशियाचं. सैन्याचा माल हाय म्हंजी देनाऱ्याचं नाव असनारच. धा वर्षं भांडारात काढली, बिगरनावाचं खोकं मी बगितलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. त्रेपन्न साली, भरती होऊन वर्ष झालं असेल नसेल, त्यांना बोटीनं कोरियाला पाठवलं होतं. लढायला नाही. लढाई थांबली होती. ज्या कैद्यांना आपल्या घरी परत जायचं की नाही हे ठरवायचं होतं, त्यांना सांभाळायला आपली फौज गेली होती. एका तंबूला दोन दारं. कैद्याला आत बसवायचं, त्याच्या बाजूचे लोक त्याची समजूत घालायचे. मग त्यानं उठून एका दारानं बाहेर पडायचं. एक दार घराकडे जायचं. दुसऱ्या दारानं गेलं की घर कायमचं मागे राहायचं. एकोणीस वर्षांच्या दौलतचं काम पाणी द्यायचं.

"एक पोरगं आलं. माझ्याच उमरीचं. लई येळ बसलं. दोनी बाजूचं सायेब घड्याळ बगत्यात. पोरगं उठलं, माझ्याफुडं ह्यो मग धरला. म्या पानी वतलं. घटाघटा पिलं." आबांनी मगाच्या काठावरून अंगठा फिरवला. "बाई, तवा आमच्या गावात माझ्या हातचं पानी कुणी घेत नव्हतं. ह्यानं जातबी इचारली न्हाई. पिलं आन् त्यो मग माझ्या हातात दिला. राहू दे, आसं हातानं दावलं. म्या उलटा करून बगितला, कुठला हाय म्हनून. मान वर केली तं पोरगं न्हाई."

"कुठल्या दारानं गेलं?"

"तेच तं न्हाई ठावं. म्या मग बगत व्हतो."

त्यांनी तो मग पुसून पुन्हा बाटल्यांमागे ठेवला. अडतीस वर्षं या माणसाला हे खात होतं. पोरगं घरी गेलं की नाही, आणि ज्या भांडणापायी त्याला दोन दारांतलं एक निवडावं लागलं ते भांडण त्याचं होतं की कुणी त्याच्या हातात दिलेलं होतं. इतिहास शिकलेलं कुणीही भेटलं की आबा हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात विचारत. उत्तरं ऐकून घेत आणि तशीच मान हलवत.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला बंधाऱ्यावर भांडण झालं.

तसं ते दरवर्षीच होई. अलीकडच्या, म्हणजे शाळेच्या गावाच्या मोटरी बंधाऱ्याच्या वर, त्यांना पाणी अडवून हवं. पलीकडच्या गावाची शेतं बंधाऱ्याच्या खाली, त्यांना पाणी सोडून हवं. फाल्गुनात पलीकडची माणसं यायची, अलीकडची जमायची, आणि दुपारभर आईबहिणींचा उद्धार चालायचा. पण साडेचार-पाच वाजले की आवाज खाली यायचे, कारण धारांची वेळ व्हायची. आमच्या भागात धार बहुतेक पुरुष काढतात आणि डेअरीवर कॅन घेऊन जायचा मानही त्यांचाच. शेण, चारा, पाणी बायकांनी करायचं, ते वेगळं. घरी गाई हंबरायला लागायच्या, डेअरीची गाडी सहाला निघायची. मग कुणीतरी म्हणायचं, चला, दोन ढापे दोन दिवस काढा. दोन ढापे निघायचे, माणसं घाईघाईनं घरी जायची. मी ऐकलं ते असं, की वर्षानुवर्षं हे याच वेळी मिटत आलं होतं आणि याला कुणी समझोता वगैरे म्हणत नव्हतं.

त्या वर्षी मात्र साखर कारखान्याची निवडणूक होती. शिरूरकडचे एक दादा आणि दौंडकडचे एक साहेब, दोघांनाही कारखाना हवा होता. दोघं लग्नकार्यात भेटले की एकमेकांना वाकून नमस्कार करत. एकमेकांच्या दारात जाऊन भांडणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. आमचा बंधारा बरोब्बर मध्ये होता.

अलीकडच्या काठावर दादांनी मांडव घातला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर साहेबांचा मांडव उभा राहिला. बसायला सतरंज्या आल्या, दोन वेळचं जेवण आलं. तिसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरमधून लोखंडी पाइप आले. कहर म्हणजे धारा काढायला आणि कॅन डेअरीवर पोचवायला गडी आले, म्हणजे आंदोलनाला बसलेल्यांची अडचण नको.

आबा दोन्ही मांडवांत जाऊन आले. सैन्यातला म्हातारा म्हणून त्यांना कुणी अडवत नसे. परत आले ते सरळ माझ्या वर्गाशी; शाळा सुटली तरी मी वह्या तपासत बसले होते.

"पाइप नवं हायेत. मातीबी लागलेली न्हाई, म्हंजी शेतातलं न्हाईत. आन् बाई, भाजीची पातेली बगितली. दोनीकडच्या पातेल्यावर एकच नाव. मांडववाला एकच हाय!" याची त्यांना मनापासून गंमत वाटत होती. मग चेहरा उतरला. "पाच वाजून गेलं. कुणी उठंना."

"उठतील उद्या."

"न्हाई उठायचं. भांडान थकाया पायजे, बाई. थकलं की मिटतंय. भाईरनं भाकरी आली की ते थकत न्हाई. तुमच्या फळ्यावर ल्ह्या हे."

मी लिहिलं नाही. पण त्या दिवशी घरी जाताना बंधाऱ्यावर दोन्हीकडची ओळखीची माणसं हातात नवे पाइप घेऊन उभी होती, आणि त्यातल्या एकानंही मला "बाई, गाडी मिळंल ना?" असं नेहमीसारखं विचारलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

पलीकडची मुलं येईनाशी झाली. वार्षिक परीक्षा महिन्यावर आलेली. मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण भित्रे. त्यांनी ठरवलं की पलीकडच्या सगळ्या मुलांना शाळा सोडल्याचे दाखले देऊन टाकावेत. त्यांनी आपल्या बाजूची कुठलीतरी शाळा बघावी. तशी शाळा तेरा किलोमीटरवर होती. मुलं कशीबशी गेली असती, मुलींना कुणी पाठवलं नसतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापकांनी आबांना दाखल्यांच्या कपाटाची किल्ली मागितली.

"किल्ली न्हावऱ्याला राहिली, भनीच्या घरी," आबा म्हणाले.

"कपाटाची किल्ली बहिणीकडे कशाला नेली?"

"वळख पटवाया," आबा म्हणाले आणि टोल द्यायला गेले. मुख्याध्यापक कितीतरी वेळ या उत्तराचा अर्थ लावत बसले होते.

मला मात्र वाटलं, किल्ली लपवून काय होणार? काहीतरी ठोस करायला हवं. माझे वडील केडगावात साहेबांच्या ओळखीचे. मी त्यांना घेऊन साहेबांकडे गेले आणि मुलांची सोय करा म्हणून विनवलं. साहेब फार चांगलं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावात जीप हजर. पुढे साहेबांचा झेंडा. पहिल्या खेपेला मावतील तेवढी मुलं दाटीवाटीनं बसली, मी पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि आम्ही झोकात बंधारा ओलांडून शाळेत आलो. मला इतका अभिमान वाटत होता की काय सांगू.

आबा टोलापाशी उभे होते. त्यांनी टोल दिला नाही. जीपभोवती एक फेरी मारली, झेंडा पाहिला.

"बाई, हे तुमी आनली?"

"मुलं यायला नकोत का?"

"पोरं चालत येत व्हती तवर पोरं व्हती," आबा म्हणाले. "आता ती सायबांची मानसं झाली."

मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही किल्ली लपवून बसा. इतकी वर्षं झाली, आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी अलीकडच्या काठावरून दगड आला. जीपवर मारलेला, झेंड्यावर मारलेला, मारणाऱ्याला आत मुलं आहेत हे दिसलंही नसेल. दगड आठवीतल्या सुनीताच्या भुवईवर बसला. डोळा वाचला तो दोन बोटांनी. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, कारण जीपमध्ये तिला मीच हात धरून बसवलं होतं. प्रयोगशाळेत आबांनी जखम धुतली, त्याच पत्र्याच्या मगातनं पाणी घेऊन. जीपवाला जीप घेऊन पळून गेला होता. गावच्या डॉक्टरांनी टाके घातले, आणि सुनीता शुद्धीवर नीट आहे म्हटल्यावर दुपार ढळताना आबा तिला घेऊन घरी निघाले, चालत. मी बरोबर गेले. दोन्हीकडची माणसं पाइप घेऊन उभी होती. आबा मधून चालत होते, सुनीताचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून.

सुनीताच्या घरी पोचलो तेव्हा पाच वाजत होते. गोठ्यात साहेबांनी पाठवलेला गडी गाईखाली बसला होता आणि गाय त्याला जवळ येऊ देत नव्हती. चार दिवस ती परक्या हाताला पान्हा चोरत होती, सड तटतटून आले होते. सुनीताची आई हौसाबाई दारात आली. तिनं मुलीच्या कपाळाची पट्टी बघितली, मग आमच्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला गेले, पण आबांनी मला थांबवलं.

"हौसाबाई, दगूड कुनी मारला इचारू नगा," ते म्हणाले. "तुमचं मालक पाचला उठून घरी येत व्हते तवर कुनाला दगूड लागला न्हाई. एवढंच सांगाया आलो."

हौसाबाईनं गड्याच्या हातातली बादली हिसकावून घेतली, गाईचं दावं सोडलं आणि गाय घेऊन बंधाऱ्याकडे निघाली. मोठ्यानं एवढंच म्हणाली, "ज्याची गाय त्यानं पिळावी. भाड्याच्या हातानं माझी गाय आटवायची न्हाई मला."

गल्लीतल्या दुसऱ्या बाईनं विचारलं, काय झालं? मग तिनंही दावं सोडलं. त्यांच्या गाई काही वेगळ्या नव्हत्या. मांडवापाशी पोचेपर्यंत पंधरा-वीस गाई-म्हशी झाल्या असतील, सगळ्या हंबरत होत्या. पाइप धरून उभ्या असलेल्या सुनीताच्या बापासमोर हौसाबाईनं बादली ठेवली. आधी पोरीची पट्टी दाखवली, मग गाईची कास. तो माणूस पाइप खाली टाकून रस्त्यातच उकिडवा बसला. नवरा धार काढतोय आणि बायको शेजारी उभी राहून त्याला सगळ्यांदेखत सोलून काढतेय, असा तो देखावा. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. समोरच्या काठावरून हे बघणाऱ्या अलीकडच्या गावच्या बायकांनीही आपापल्या घरची वाट धरली, आणि थोड्याच वेळात तिकडूनही घंटा वाजत गाई यायला लागल्या. धार काढणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्याला शिवीसुद्धा हळू द्यावी लागते, नाहीतर गाय बिथरते.

सहाच्या गाडीला दूध गेलं. जाण्याआधी कुणीतरी म्हणालं, दोन ढापे, दोन दिवस.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. दगडाची केस शिरूरच्या कोर्टात कितीतरी वर्षं चालली. निवडणूक संपली, मांडव गेले, दादा-साहेबांनी पुन्हा कधी तिकडे पाहिलं नाही. पण पाइप घराघरांत राहिले. तीन वर्षांनी एका लग्नात मानपानावरून मारामारी झाली, तेव्हा तेच बाहेर निघाले. तोवर आबा निवृत्त झाले होते. रशियाचं राज्य मोडलं होतं, अफगाणिस्तानातून दोन्ही महासत्तांनी अंग काढून घेतलं होतं, आणि तिथे तरी लढाई का थांबत नाही, असं मला एका वर्गात मुलांनी विचारलं होतं. मी आबांना विचारलं. "सामान मागं राहतंय, बाई," ते म्हणाले. "भांडारवाल्याला इचारा. दिल्यालं सामान परत जमा झालेलं म्या एकदाबी बगितलं न्हाई." हे मात्र मी फळ्यावर लिहिलं.

दाखल्यांच्या कपाटाची किल्ली, ती बंधारा मोकळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आबांच्याच सदऱ्याच्या खिशात सापडली. "भनीनं घातली आसंल," ते म्हणाले.

सुनीता त्या वाटेनं दहावी झाली. पुढे पुण्यात डिप्लोमा केला आणि रांजणगावच्या वसाहतीत एका कोरियन कंपनीत लागली. भुवईवरचा व्रण होता तसाच. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला एका रविवारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आपल्या आबांच्या मगावरचं आमच्या हानसाहेबांना वाचता येईल की!" मी कपाळाला हात लावला. ज्या देशातून मग आला तिथली माणसं वर्षभर आमच्या तालुक्यात वडापाव खात हिंडत होती, आणि मला, इतिहासाच्या शिक्षिकेला, हे सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही हानसाहेबांना आबांच्या घरी नेलं. साठीकडे झुकलेला, शांत माणूस. आबा सत्तरीचे, दम्यानं खंगलेले, पण इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. आधी त्यांनी पाहुण्याला चहा दिला. नंतर तो पत्र्याचा मग आणला आणि उलटा करून पुढे धरला.

"इचार सुनीता, देनारा कोन? रशिया का अमेरिका?"

हानसाहेबांनी तो मग दोन्ही हातांत घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग सुनीताला इंग्रजीत काहीतरी म्हणाले, आणि सुनीता आमच्याकडे बघतच राहिली.

"आबा, यात कुणा देणाऱ्याचं नाव नाही. लिहिलंय, पाक मान-सू, गाव सोलमे."

मी समोरच्या फळीकडे पाहिलं. तिथे आबांची पितळी भांडी मांडून ठेवलेली होती, आणि प्रत्येकावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, लग्नात, बारशात, केडगावच्या बाजारातल्या भांडीवाल्याकडून घालून घेतलेलं. अशीच टिंबं. आम्ही ज्या मुलखात प्रत्येक वाटीवर नाव घालतो, तिथे पन्नास वर्षं हा मग फिरला आणि हे एखाद्या माणसाचं नाव असेल असं एकालाही वाटलं नाही. मी तर चिनी म्हणून मोकळी झाले होते.

"देनाऱ्याचं नाव हुडकत बसलो आपन," आबा हळूच म्हणाले. "त्यानं सोताचं नाव ल्ह्यून ठिवलं व्हतं." मग एकदम सावरून बसले. "सोलमे कुठं आलं? पोचवता यील का?"

हानसाहेबांनी सांगितलं, ते गाव बहुधा सीमेच्या पलीकडचं, उत्तरेकडच्या कोरियातलं असावं. त्यांच्या आईचं माहेरही तिकडचंच. आई कधी परत जाऊ शकली नाही, त्यांनाही जाता येत नाही. मग त्यांनी उठून, वाकून, दोन्ही हातांनी मग आबांना परत दिला. आबांनीही तो दोन्ही हातांनी घेतला. म्हातारा त्या दिवशी माझ्यादेखत रडला. मी त्यांना रडताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आबा 'ते पोरगं' म्हणत नसत. "मान-सू कुठल्या दारानं गेला आसंल, बाई?" असं विचारत, एखाद्या गावातल्या माणसाची चौकशी करावी तसं. आणि मग, "आपला बंधारा तरी चालू हाय." वर्ष सरायच्या आत ते गेले. वस्तीत वंदना झाली, शोकसभा झाली. पलीकडच्या गावातून इतकी माणसं बंधाऱ्यावरून चालत आली की सतरंज्या कमी पडल्या. हौसाबाई सगळ्यात पुढे बसली होती.

तो पत्र्याचा मग आबांनी मला द्यायला सांगितला होता. सुनीतानं तो माझ्याकडून दोन दिवसांसाठी मागून नेला आणि परत आणला तेव्हा मान-सूच्या नावाखाली टिंबांनी दुसरं नाव घातलेलं होतं : दौलत, आणि आमच्या गावाचं नाव. भांडीवाल्यानं विचारलं म्हणे, स्मरणार्थ लिहू का? सुनीता म्हणाली, नको, नुसतं नाव घाला.

दरवर्षी शीतयुद्धाचा धडा आला की मी तो मग वर्गात नेते. फळ्यावर कारणं लिहायच्या आधी तो मुलांच्या हातात देते. मुलं उलटा करून बघतात. खालचं नाव वाचतात, वरचं वाचता येत नाही, मग मी वाचून दाखवते. मागच्या वर्षी पलीकडच्या गावातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ही दोघं एकमेकांच्या इरुद्ध लढली व्हती का?"

मी म्हटलं, नाही गं. ह्यानं त्याला पाणी दिलं होतं.